बादली ठेवली आहे

रुग्णालयाचा कारभार हाती आला म्हणता? अभिनंदन! पहिल्याच आठवड्यात कुणीतरी धावत येऊन सांगेल की वॉर्डाचं छत गळतंय. गडबडून जाऊ नका. बादली ठेवा. बादली भरायला लागली की मोठी बादली ठेवा आणि तिच्यावर 'हलवू नये' अशी चिठ्ठी डकवा. अहवालात लिहा, 'गळती नियंत्रणात'. यात खोटं काहीच नाही, पाणी बरोबर बादलीतच पडतंय.

छत दुरुस्त करण्याच्या फंदात मात्र पडू नका. नव्या इमारतीची फीत कापता येते, कोनशिलेवर नाव येतं. सडका पाइप बदलल्याची कोनशिला बसवलेली आजवर ऐकिवात नाही. शिवाय पाइप बदलायचा तर भिंत फोडा, भिंत फोडायची तर वॉर्ड रिकामा करा, आणि रुग्ण काय डोक्यावर ठेवणार? त्यापेक्षा फॉल्स सीलिंग मारून घ्या. मग एखाद्या दिवशी त्यातला एक चौकोन कडेने चहा सांडल्यासारखा पिवळा पडतो, मधोमध पोट सुटल्यासारखा लोंबायला लागतो. सिस्टर काही न बोलता खालची खाट दोन फूट सरकवतात. पुढच्या पावसात आणखी दोन फूट. खाट ऑक्सिजनच्या जोडणीपासून फार लांब गेलीच, तर लांब नळी मागवा. खर्च पाइपापेक्षा कमीच येतो.

त्या चौकोनाच्या वर बुरशी धरते, तिचे बीजाणू हवेत उतरतात. तुमच्याआमच्या फुप्फुसांना त्याचं फारसं काही वाटत नाही. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या माणसाच्या मात्र जिवावर बेततं. पण मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून 'छत' लिहिलेलं तुम्ही कधी पाहिलंय? मग झालं तर!

पाण्याचंही तेच. बंद पडलेल्या वॉर्डाकडे जाणारे पाइप तसेच राहू द्या, आत पाणी निवांत साचू द्या. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवावी असं जाणकार सांगतात, पण कोमट पाण्याने वीजही वाचते आणि लिजिओनेला नावाचा न्यूमोनियाचा जंतूही वाचतो. त्याला २० ते ४५ अंशांचं पाणी फार मानवतं. शॉवरच्या तुषारांतून तो थेट रुग्णाच्या छातीत जातो, न्यायला वॉर्डबॉयसुद्धा लागत नाही. शस्त्रक्रियागृहाची हवा तासाला किमान २० वेळा बदलावी आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असावा, हाही एक हट्ट. दाराची बिजागरी गेली असेल तर सर्जनना सांगा, हवा खेळती आहे.

लिफ्टबद्दल बोलायला नको. ती बंदच आहे.

जनरेटर कुठे बसवावा यासाठी न्यूयॉर्कचं बेलव्ह्यू रुग्णालय अभ्यासा. जनरेटर तेराव्या मजल्यावर, पूर येवो नाहीतर काही येवो. त्याला डिझेल चढवणारे पंप मात्र तळघरात! २०१२ च्या सँडी वादळात तळघर भरलं आणि माणसं रांग करून जिन्याने तेरा मजले इंधन चढवत बसली. शेजारच्या एनवाययू लँगोन रुग्णालयात त्याच रात्री नर्सेस नवजात बाळांना घेऊन अंधारात जिने उतरत होत्या, हाताने फुगा दाबून त्यांना श्वास देत.

आणि कुणी म्हणालंच की आपण भक्कम इमारत बांधू, तर त्याला लॉस एंजेलिसच्या ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाची गोष्ट सांगा. १९७१ च्या भूकंपात तिथली नवीकोरी इमारत कामातून गेली. मग पोलाद ओतून दुसरी उभारली. १९९४ च्या भूकंपात ती ताठ उभी राहिली, पण आतले पाण्याचे पाइप फुटले आणि रुग्णांना बाहेर काढावं लागलं. इमारत पास, नळ नापास. नळाकडे लक्ष द्यायचं होतं, असा अर्थ कुणी काढायच्या आत विषय बदला.

आता खरी गुरुकिल्ली. गळतीची तक्रार राहते बांधकाम विभागाच्या फायलीत आणि जंतुसंसर्गाची नोंद रुग्णाच्या केसपेपरवर. हे दोन कागद एका टेबलावर कधीच येऊ देऊ नका. तारखा जुळवणारा एखादा चिकट कारकून निघालाच, तर त्याला रेकॉर्ड रूममध्ये पाठवा. घाबरू नका, गेल्या पावसाळ्यापासून तिथलंही छत गळतंय. आणि तिथली बादली आपण वॉर्डात नेली आहे.