गरीब सापाच्या शोधात

दहावीत ८५ टक्क्यांच्या वर गुण मिळवलेस तर मागशील ते देईन, असे वचन मी चिरंजिवांना दिले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फार तर एक मोबाइल होता, आणि त्याचा नववीपर्यंतचा अभ्यास पाहता तोही द्यावा लागणार नाही अशी माझी मनातून खात्री होती. मे महिन्यात निकाल लागला. ८७ टक्के! आमच्या अमळनेरच्या घरी पेढे वाटून झाल्यावर कूलरसमोर पाय पसरून बसलेल्या चिरंजिवांनी अत्यंत शांतपणे सांगितले, "पप्पा, मला साप पाळायचा आहे."

माझी आई माळकरी आहे. नागपंचमीला ती भिंतीवर नाग काढून त्याला लाह्या वाहते, परंतु नागाने भिंतीवरच राहावे याबाबत तिचे मत ठाम आहे. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, लोके साप धराले मानूस बलावतस, नि तू घरमा साप आनाले पैसा दी राहिना?" या युक्तिवादावर माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. सौभाग्यवतींनी मात्र बोर्डाच्या परीक्षेचा मान राखून तडजोड काढली. आणायचाच असेल तर गरीब साप आणा, असे तिने सांगितले.

आमच्याकडे जनावराच्या बाबतीत 'गरीब' या शब्दाचा खिशाशी काही संबंध नसतो. लाथ न मारणारी गाय गरीब, पोराने कासरा धरला तरी मुकाट चालणारा बैल गरीब. बैलबाजारात असे जनावर कसे पारखावे हे मला वडिलांनी शिकवले होते: पाठीवर हात फिरवावा, दात पाहावेत, शेपटी ओढून पाहावी. यातील एकही कसोटी सापाला लावण्याची माझी तयारी नसल्यामुळे मी गावातील एका सर्पमित्राला गाठले.

मी त्याच्याकडे धामणीची चौकशी केली. ती बिनविषारी असते, उंदीर खाते आणि शेतकऱ्याची मैत्रीण म्हणून पुस्तकांत तिचे कौतुक असते, एवढे भांडवल माझ्यापाशी होते. त्याने माझ्याकडे दयेने पाहिले. "आप्पा, पकडलेली धामण इतकी चावते की मैत्रीचा विषय परत निघत नाही. आणि चावो न चावो, धामण असो, दिवड असो की मांडूळ, आपल्याकडचा कोणताही साप पकडून घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे." मांडुळाला दोन तोंडे असतात आणि ते घरात असले की पैसा येतो, अशी आमच्या भागात समजूत आहे. त्या बिचाऱ्याला तोंड एकच, दुसरीकडे केवळ बोथट शेपटी असते, आणि त्याच्यामुळे घरात येतात ते वनखात्याचे लोक.

याचा अर्थ परदेशी स्थळे पाहणे आले. चिरंजिवांनी वहीत दोन नावे आधीच लिहून ठेवली होती. पहिला कॉर्न स्नेक, म्हणजे आईच्या भाषेत मक्याचा साप. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातील, चार-पाच फूट लांब, नारिंगी अंगावर तांबडे ठिपके, आणि पोटावर मक्याच्या दाण्यांसारखी चौकट. स्वभावाने गरीब, पण चपळ, आणि पिल्लू असताना पेन्सिलीएवढा बारीक, त्यामुळे पेटीचे झाकण बोटभर उघडे राहिले तरी पसार होणारा. आमच्या घरात धान्याच्या कोठ्या, जुने लाकडी पाटण आणि ट्रंकांची उतरंड यांच्यामध्ये हरवलेली माझी दोन घड्याळे अजून सापडलेली नाहीत. तेथे पेन्सिलीएवढा साप शोधत बसण्याच्या कल्पनेने सौभाग्यवतींनी ते स्थळ जागच्या जागी नाकारले.

दुसरा बॉल पायथन. हा पश्चिम आफ्रिकेतील छोटा अजगर. छोटा म्हणजे तीन ते पाच फूट. याची कीर्ती अशी की भीती वाटली तर हा फणकारत नाही, पळत नाही, स्वतःभोवती वेटोळे घालून डोके आत दडवतो आणि चेंडू होऊन बसतो. मार्चअखेरीस हिशेब तपासणीस आले की मीही साधारण हेच करतो, त्यामुळे या प्राण्याविषयी मला एकदम आपुलकी वाटली. ती फार टिकली नाही, कारण पुढच्याच ओळीत त्याचे आयुष्य दिले होते. दशरथाने वचनाच्या नादात ओढवून घेतलेल्या वनवासाला निदान चौदा वर्षांची मुदत होती. बॉल पायथन नीट सांभाळला तर वीस ते तीस वर्षे जगतो. अमेरिकेतील सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात तर सुमारे ६२ वर्षांच्या एका मादीने २०२० मध्ये अंडी घातली, आणि तीही पंधराहून अधिक वर्षे नराचे तोंड न पाहता. चिरंजीव दोन वर्षांत पुण्याला शिकायला जाणार. मग मी निवृत्त होईन तेव्हा भर तारुण्यात असलेला हा जीव कोणाच्या पदरात असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

अन्नाचा प्रश्न निघाला तेव्हा आईने एकच अट घातली की जनावर शाकाहारी असावे. जगातील एकही साप शाकाहारी नाही, हे तिला सांगण्याचे काम अर्थातच माझ्यावर आले. केवळ अंडी खाऊन जगणारे साप आहेत, त्यांतला एक तर आपल्या वर्ध्याकडेही सापडतो, असे मी सांगून पाहिले. पण अंडे शाकाहारी की मांसाहारी हा वाद आमच्या घरात तीन पिढ्यांपासून अनिर्णित असल्याने त्याचा उपयोग झाला नाही. बॉल पायथनला उंदीर लागतो. तो मेलेला, गोठवलेला आणि देण्यापूर्वी कोमट पाण्यात शेकलेला असावा, कारण जिवंत उंदीर उलट सापालाच चावू शकतो. गोठवलेला म्हणजे आमच्या फ्रीजमध्ये, जेथे अक्षय्य तृतीयेचा, म्हणजे आमच्या आखाजीचा, आमरस वर्षभर पुरवून ठेवलेला असतो. त्या संध्याकाळी घरात कोणी कोणाशी बोलले नाही. अखेरीस चिरंजिवांनी शेवटचे अस्त्र काढले: हा साप आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदाच जेवतो आणि हिवाळ्यात मनात आले तर महिनोन्‌महिने अन्नाला तोंडही लावत नाही. आईच्या चेहऱ्यावर प्रथमच मार्दव आले. "मंग तो माळकरीच शे की," ती म्हणाली.

खरी अडचण मात्र सापाच्या स्वभावाची नव्हतीच, ती आमच्या हवेची होती. चिरंजिवांच्या वहीप्रमाणे पेटीच्या उबदार बाजूला ३१-३२ अंश, थंड बाजूला २६ अंशांच्या आसपास आणि हवेत साठ टक्के ओलावा हवा. या सगळ्या सूचना थंड देशांतल्या लोकांसाठी लिहिलेल्या असतात. त्यांना पेटी तापवावी कशी याची काळजी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, धाब्याच्या घरातही दुपारी भांड्यातले पाणी अंघोळीपुरते तापते, आणि ओलावा म्हणाल तर सकाळी वाळत घातलेली कुरडई संध्याकाळी डब्यात भरता येते. ३५ अंशांच्या पुढे या सापाच्या जिवाला धोका. म्हणजे उन्हाळ्यात त्याला कूलरची खोली हवी, आणि आमच्या घरात कूलर एकच असून तो आईच्या खोलीत आहे. तासभर वीज गेली तर सापाला ओल्या फडक्याने वारा कोण घालणार, याचीही चर्चा झाली. माझ्या लग्नात माझ्या सासरच्या मंडळींची इतकी सरबराई झाली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत रात्रीच्या बसने आम्ही पुण्याला एका गृहस्थांकडे साप पाहायला गेलो. त्यांनी चहाच्याही आधी कागद पुढे केले. कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्याची सरकारदरबारी नोंद लागते, त्यामुळे नोंद नसलेला साप कोणी स्वस्तात देऊ केला तर तेथून उठावे, असे त्यांनी बजावले. सापाची कागदपत्रे माझ्या शेताच्या सातबाऱ्यापेक्षा स्वच्छ होती. नंतर त्यांनी एकामागून एक डबे उघडले. त्यांतला एक कोळ्याच्या जाळ्यासारख्या नक्षीचा साप माझ्याकडे पाहून सारखी मान डोलावत होता. हा होकार देतोय, हाच घेऊ, असे मी म्हणताच गृहस्थ ओशाळले. ती नक्षी ज्या वाणात येते त्या वाणाला मज्जासंस्थेचा दोष असतो, मान त्यामुळे डुलते, आणि नवख्याने तो घेऊ नये. नुसत्या होकारावर स्थळ पसंत करण्याची माझी खोड जुनीच आहे.

मग त्यांनी एक तपकिरी साप माझ्या हातांवर ठेवला. तो थंड व बुळबुळीत असेल अशी माझी अपेक्षा होती. तो कोरडा निघाला, जुन्या पैशांच्या बटव्यासारखा मऊ आणि अपेक्षेपेक्षा जड. त्याने दोनदा जीभ बाहेर काढून माझा वास घेतला आणि क्षणात चेंडू झाला. मीही खांदे आक्रसून, मान आत ओढून, श्वास रोखून उभा होतो. गृहस्थ आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत म्हणाले, "घाबरू नका," आणि ते कोणाला उद्देशून होते हे मला कळले नाही.

त्यांनी साप दिला नाही. आधी पेटी तयार करा, महिनाभर रिकामी चालवा, रोजचे तापमान लिहा, ते स्थिर राहिले तर या, असे त्यांनी सांगितले. त्यानुसार आईच्या खोलीत काचेच्या दाराची पेटी आली. तिच्या तळाशी तापणारी चटई बसवली, तिला थर्मोस्टॅट जोडले आणि लपण्यासाठी दोन फुटकी मडकी उपडी घातली. डिसेंबरात पहाटेचा पारा दहाच्या आसपास उतरला, तरी पेटीतला काटा ३१ वरून हलेना. चिरंजीव सकाळ-संध्याकाळ वहीत आकडे लिहीत होते आणि मी नववर्षाच्या सुट्टीतले बसचे तिकीट पाहत होतो.

एका सकाळी जेवणात कवडीसारखे घट्ट दही आले. हिवाळ्यात आमच्या घरी दही कधीच धड लागत नाही, म्हणून मी चौकशी केली. आईने पेटीकडे बोट दाखवले. उबदार बाजूच्या मडक्याआड स्टीलचे पातेले ताट झाकून ठेवलेले होते, आणि वहीत चिरंजिवांच्या आकड्यांशेजारी सौभाग्यवतींच्या अक्षरात विरजणाची वेळ नोंदलेली होती.

मी तिकिटाचा विषय काढला. आईने पातेले पदराने धरून बाहेर घेतले, दार काळजीपूर्वक लावले आणि मला विचारले, "साप उना तं मी दही कोठे लावू?"