त्या एकवीस दिवसांवर विश्वास ठेवू नका

गेल्या रविवारी बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी गेले, तर आईने भावाचा गोळ्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला. सात खणांचा निळा डबा. शुक्रवार आणि शनिवारचे खण भरलेलेच. "दोन दिवस दिल्या नाहीत गं. तू आधी हे वाच, मग काय ते बोल," म्हणाली आणि फोन हातात दिला.

तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज होता, भावाला आहे त्या स्किझोफ्रेनियाबद्दल, म्हणजे भास आणि संशयाच्या मानसिक आजाराबद्दल. म्हणणं असं: स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या म्हणजे नुसत्या झोपेच्या गोळ्या. त्यांची सवय लागते, मेंदू सुकतो. डोपामीन (मेंदूतलं एक रसायन) वगैरे कंपन्यांनी काढलेलं खूळ. पूर्वी आपल्याकडे सर्पगंधेने वेड बरं होत असे. तेव्हा गोळ्या एकदम बंद करा, एकवीस दिवसांत फरक दिसेल.

आधी या एकवीस दिवसांचंच बोलते, कारण माणसाचं खरं वाटोळं इथे होतं. गोळ्या बंद केल्यावर पहिले तीन आठवडे पुष्कळदा फरक दिसतो, चांगलाच दिसतो. आम्ही तो पाहिलाय. काही वर्षांपूर्वी भावाने गोळ्या परस्पर सोडल्या होत्या. सकाळी सहाला उठायला लागला. गुंगी गेली. बसल्या बसल्या टाच आपटायचा, ते थांबलं. मला घेऊन सेव-उसळ खायला गेला, हसला. आईने पुरणपोळी केली. सातव्या आठवड्यात तो गॅलरीत बसून कॅलेंडरच्या मागे गाड्यांचे नंबर उतरवून घेत होता. "ताई, सगळ्या जीजे-०६ च का?" अरे, बडोद्यातल्या गाड्या आहेत, जीजे-०६ च असणार! पण त्याला त्यात कट दिसत होता. पुढच्या दहा दिवसांत त्याने जेवण सोडलं, कारण आई डाळीत काही घालते अशी त्याची खात्री झाली होती. सावरायला आठ महिने गेले.

गोळीचा त्रास आधी जातो आणि आजार मागाहून परततो, कुणाचा काही आठवड्यांनी, कुणाचा काही महिन्यांनी. मेसेजवाल्याने एकवीस दिवस कुठून आणले मला ठाऊक नाही, पण नेमके तेच दिवस फसवे असतात.

माझ्या घरचा एक अनुभव पुरेसा नाही, हे मान्य. मग हे घ्या. २०१२ साली जर्मन मानसोपचारतज्ज्ञ स्टेफान लॉइश्ट आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला, जवळजवळ साडेसहा हजार रुग्णांचा. ज्यांचं औषध चालू ठेवलं, त्यांच्यातल्या २७ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला. ज्यांना त्याऐवजी औषध नसलेली गोळी दिली, त्यांच्यातल्या ६४ टक्क्यांचा. म्हणजे औषधाशिवायही शंभरातले छत्तीस त्या वर्षात टिकले. खरं आहे, लपवत नाही. पण ते छत्तीस कोण, हे आधीच खात्रीने सांगता येत नाही. काही रुग्णांचा डोस डॉक्टर हळूहळू कमी करतातही, पण महिनोन्महिने लक्ष ठेवून. आईसारख्या बाईने एका मेसेजवरून डबा बंद ठेवणं ही वेगळी गोष्ट झाली.

आता झोपेची गोळी. गुंगी येते, नाकारत नाही. पण यातली बरीचशी औषधं हिस्टामिन या शरीरातल्या रसायनालाही अडवतात, सर्दीच्या जुन्या गोळ्या अडवतात तशी. गुंगी बहुतांशी त्यातून येते. भास आणि संशय ओसरतात ते डोपामीनच्या डी-टू रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवर डोपामीन येऊन बसतं त्या जागेवर, औषध बसल्यामुळे. पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमाझिन, या औषधांतलं पहिलं, पहिल्यांदा अशा रुग्णांवर वापरलं गेलं. पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत त्याची तुलना फेनोबार्बिटालशी झाली. ते खरंखुरं झोप आणणारं औषध. १९६० साली निकाल छापून आला: क्लोरप्रोमाझिनचा उपयोग झाला, फेनोबार्बिटाल रिकाम्या गोळीइतकंच ठरलं. नुसत्या झोपेने काम झालं असतं तर तिथेच झालं असतं.

आणि डोपामीन खूळ? मेंदूत "इकडे बघ, हे महत्त्वाचं आहे" अशी खूण करण्याचं काम बरंचसं डोपामीनचं. या आजारात मेंदूच्या एका भागात ते जास्त सुटतं आणि कुठल्याही फालतू गोष्टीवर ती खूण पडते. जीजे-०६ वर पडली ती अशी. गोळीने ती खूण फिकी होते, म्हणून बरं व्हायला आठवडे लागतात. आधी नवे संशय थांबतात, जुने सावकाश सुटतात. डी-टू पैकी साधारण ६५ टक्के जागा औषधाने धरल्या की गुण येतो, ८० च्या आसपास गेलं की हात थरथरतात, अंग आखडतं. डोस बसवायला डॉक्टरांना वेळ लागतो तो यासाठी.

सर्पगंधेचं मात्र अर्धं खरं आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या मुळाचा उपयोग वेडावर आणि रक्तदाबावर होतो असं लिहिलं. तिच्यातलं रेसर्पिन १९५० च्या दशकात स्किझोफ्रेनियासाठी वापरलंही गेलं. मग मागे पडलं, कारण रक्तदाब खाली जायचा, माणूस उदास व्हायचा. आणि ते काम कसं करतं? पेशींतला डोपामीनचा साठा रिकामा करून! ज्याला मेसेज खूळ म्हणतो, त्याच्याच जोरावर.

सवय म्हणाल तर दारूसारखी तल्लफ या गोळ्यांची लागत नाही. मेंदू सुकण्याबद्दल: काही एमआरआय अभ्यासांत जास्त डोसबरोबर मेंदूचं आकारमान किंचित घटलेलं दिसलंय, पण औषध सुरू न केलेल्या रुग्णांतही घट दिसते. म्हणून कमीत कमी पुरेसा डोस, हा त्याचा अर्थ.

वजन आणि साखर वाढते, हा त्रास खरा, आणि मेसेजमध्ये नेमका तोच नाही. भावाचं वजन ओलान्झापीन या गोळीवर अकरा किलो वाढलं होतं. डॉक्टरांना सांगितलं, औषध बदललं, टाच आपटण्यावरही वेगळी गोळी मिळाली. असा त्रास तोंडाने सांगायचा असतो, डबा बंद करून नाही.

आईने रविवारीच डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी सांगितलं तशी गोळी त्या रात्री सुरू केली. भजनी मंडळातल्या कुणाच्या घरी असं माणूस असेल, तर ग्रुपवर त्या मेसेजच्या खाली एवढं तरी लिहा: गोळ्या स्वतःहून बंद करू नका, केल्या असतील, तर आजच तुमच्या डॉक्टरांना सांगा.