निम्मी क्षमता म्हणजे निम्मी वीज नव्हे

“देशातील निम्मी वीज आता कोळशाविना तयार होते. ब्रिटनने कोळसा सोडला, आपणही सोडू शकतो, सोलापूरचे औष्णिक केंद्र उद्या बंद केले तरी कोणाचा दिवा विझणार नाही,” अशा आशयाचा संदेश सध्या आपल्याकडे मोबाइलवर फिरतो आहे. कोळशाचा वापर घटावा असे मलाही मनापासून वाटते, आणि म्हणूनच त्यासाठी चुकीचा हिशेब मांडला जाऊ नये असेही वाटते.

पहिल्या विधानामागची बातमी खरी आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की, देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी ५० टक्के क्षमता आता कोळसा, वायू, तेल यांखेरीजच्या स्रोतांची आहे. २०३० चे उद्दिष्ट पाच वर्षे आधीच गाठले गेले. परंतु हा आकडा क्षमतेचा, म्हणजे यंत्रणा पूर्ण भाराने चालली तर जेवढी वीज देऊ शकेल त्याचा आहे, प्रत्यक्ष निर्मितीचा नव्हे. एक किलोवॉटची सौरपटले वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतात, तर कोळशावरची तेवढीच क्षमता ७० टक्के भाराने चालली तरी जवळपास १७ युनिट देते. दक्षिण सोलापुरातील एनटीपीसीच्या केंद्रात ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. ते ७० टक्के भाराने चालले असता जेवढी वीज देतील, तेवढी सूर्यापासून मिळवायची तर साडेपाच हजार मेगावॉटची पटले लागतील. देशाच्या प्रत्यक्ष वीजनिर्मितीत कोळशाचा वाटा आजही सुमारे सत्तर टक्के आहे, तो यामुळेच. शिवाय त्या निम्म्या क्षमतेत मोठी धरणे आणि अणुभट्ट्याही मोजलेल्या आहेत, हे संदेशात कोठेच येत नाही.

“दिवा विझणार नाही” या विधानात वेळेचा विचारच नाही. माझ्या घरावर तीन किलोवॉटची सौरयंत्रणा आहे आणि तिच्या मीटरवर आयात (महावितरणकडून घेतलेली वीज) व निर्यात (त्यांना दिलेली वीज) असे दोन आकडे दिसतात. मे महिन्यात दुपारी निर्यातीचा आकडा भराभर वाढतो. संध्याकाळी सातला कूलर आणि पंखे चालूच असतात, तेव्हा फक्त आयात वाढते. अक्कलकोट रस्त्यावरील रात्रपाळीच्या यंत्रमागाला वीज त्याच वेळी हवी असते. ती मध्येच गेली तर माग थांबतो आणि पुन्हा सुरू करताना टॉवेलवर पट्टा उठतो. कोयनेचे संच संध्याकाळच्या मागणीला धावून येतात खरे, पण तिथून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे.

ब्रिटनने आपले शेवटचे कोळसा केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद केले, हे खरे. मात्र २०१२ मध्ये तेथील सुमारे ४० टक्के वीज कोळशाची होती. तिथून शून्यावर येण्यास बारा वर्षे लागली आणि त्या काळात पवनऊर्जेबरोबर वायू व अणुऊर्जाही हाताशी होती.

आपल्याकडे खरी वाट मागणी दिवसाकडे वळवण्याची आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचा विचार आहे. उसाला पाणी देण्यासाठी साप-विंचवाच्या भीतीने मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर जाणाऱ्या शेतकऱ्याची मोटर दुपारी चालू लागली, तर रात्रीच्या कोळशावरचा तेवढा भार खरोखर उतरतो, आणि तो फीडरच्या, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीच्या, मीटरवर युनिटांत मोजताही येतो.