पोंचोच्या कार्डाबद्दल, दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

आमच्याकडचा पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायचा पावसाळी झगा, घालूनही हरिश्चंद्रगडावर तुम्ही भिजलात, सॅकमधले कपडे ओले झाले आणि शिवाय दुकानाचा फोनही कुणी उचलला नाही. या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो. पोंचो दोन्ही बाजूंनी उघडा असतो आणि कोकणकड्यावर वारा खालून वर येतो, पाऊसही त्याच्याबरोबर येतो. विकताना हे मी सांगतोच.

पण पोंचोबरोबर आम्ही देतो त्या माहितीच्या कार्डाबद्दल तुम्ही लिहिलंय, "पोंचो हा अमेरिकी लष्कराचा शब्द. कार्डावर खोटा स्पॅनिश इतिहास छापून दीडपट पैसे उकळतात." हे मात्र फार लागलं.

अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861 ते 1865) सैनिकांकडे रबर चढवलेले पोंचो होते, हे खरंच आहे. पण तोवर हा शब्द स्पॅनिशमध्ये तीनशे वर्षं मुरला होता. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक दक्षिण अमेरिकेत गेले, त्या मुलखातलं हे वस्त्र. हातमागावर विणलेलं एकसंध कापड आणि मधोमध डोक्यापुरती चीर. आपल्या धनगरांच्या घोंगडीइतकंच ते तिथल्या मातीतलं. चिली-अर्जेंटिनातल्या मापुचे लोकांच्या भाषेत जाड पांघरुणाला 'पोन्त्रो' म्हणतात. शब्द तिथून आला, असं बरेच कोश मानतात. स्पॅनिश व्युत्पत्तीचे मोठे अभ्यासक जोआन कोरोमिनास यांचा कल मात्र 'पोचो', म्हणजे विटक्या रंगाचं, या स्पॅनिश शब्दाकडे होता. शिवाय मापुचे लोक स्वतः त्या वस्त्राला 'माकुन्य' म्हणतात. म्हणूनच मी कार्डावर "स्पॅनिश शब्द, मूळ बहुधा मापुचे" असं लिहिलंय. तो 'बहुधा' विचार करून घातलाय, सर. तुम्ही तो वाचलाच नाहीत.

1,450 रुपये घेतो ते कापडाचे, शिवणींवरच्या टेपचे आणि शिलाईचे. कार्ड आम्ही घरी छापतो, त्याचा एक पैसाही किमतीत धरलेला नाही. तुम्ही निवांत घालून बघितलात, आरशात पाहिलंत, तेव्हा भावाबद्दल काही बोलला नाहीत. पावसाळ्याच्या चार महिन्यांवर आमचं वर्ष निघतं, त्यात 'खोटा' हा शब्द वाचून गिऱ्हाईक दारातूनच परत जातं.

बाजूला जास्तीची बटणं लावता येतील का, ते कारागिरांशी बोलतो. फोनचंही काहीतरी बघतो. तुमचा पोंचो घेऊन या, शिवणी तपासून देईन, पैसे घेणार नाही. कार्डावरचा मजकूर मात्र आहे तसाच राहील.