‘सगळे रेकॉर्ड दाखवा, वर सर्च द्या, काम संपलं’? लिस्टचं काम इतक्यात संपत नाही

डेस्कटॉप डेटाबेस बनवणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला जोरात फिरतोय, तुम्ही ॲक्सेसवर काम करत असा नाहीतर फाइलमेकर किंवा एसक्यूलाइटवर, तो तुमच्यापर्यंत पोचलेला असणारच. थोडक्यात असा: आता मशीन फास्ट आहेत, रॅम भरपूर आहे, रेकॉर्डच्या लिस्टवर डोकं घालवू नका. सगळे रेकॉर्ड आणि सगळे कॉलम दाखवा, स्लो वाटलंच तर पन्नास-पन्नासची पानं पाडा, हेडरवर क्लिक केलं की सॉर्ट होऊ द्या, वर एक सर्च बॉक्स ठेवा आणि एडिटिंग तिथल्या तिथे एक्सेलसारखं द्या.

सुरुवातीला हे चालतं, कारण तेव्हा टेबलात चारशे रेकॉर्ड असतात आणि वापरणारा एकच असतो. पण लिस्ट ज्याला दिवसभर वापरायची आहे त्याच्या बाजूने एकदा बघा. त्याला एक ठराविक रेकॉर्ड हवा असतो, किंवा आज कुठल्या दहा-वीस रेकॉर्डवर काम करायचंय ते ठरवायचं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की लिस्ट त्या कामासाठी बनवा, आणि डेटाबेसकडून तेवढंच मागा जेवढं त्या कामाला लागतं. मुद्दे एकेक करून घेते.

‘मशीन फास्ट आहे, सगळं लोड करा’

दोन-तीन हजार रेकॉर्ड, लोकल डिस्क, पाच-सहा छोटे कॉलम असं असेल तर खरंच लोड करा, काही बिघडत नाही. प्रॉब्लेम येतो नेटवर्कवर. ॲक्सेसची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली की तिकडे क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवून फक्त उत्तर पाठवणारा कुणी नसतो, डेटाबेसचं इंजिन प्रत्येकाच्या मशीनवरच चालतं आणि फाइलची ४ केबीची पानं वायरवरून ओढून आणतं. कंडिशन दिली असेल आणि त्या फील्डवर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी आधीच क्रमाने लावलेली यादी, असेल तर इंडेक्सची थोडी आणि डेटाची थोडी पानं येतात, नसेल तर आख्खं टेबल येतं, आणि पाच जणांनी सकाळी एकदम लिस्ट उघडली की पाच वेळा येतं. तिथे प्रोसेसर किती फास्ट आहे याला काही अर्थ राहत नाही. फाइलमेकरची गंमत वेगळी: लेआउटवर, म्हणजे स्क्रीनच्या मांडणीत, तीनच फील्ड असली तरी रेकॉर्ड लागला की तो जवळपास आख्खा येतो, कंटेनरमधल्या फाइल वगैरे सोडून. म्हणून तर जाणकार लोक लांबलचक नोट्सचं फील्ड वेगळ्या टेबलात टाकतात.

आणि बऱ्याचदा खरा गुन्हेगार रेकॉर्डची संख्या नसतेच, प्रत्येक ओळीत लपलेलं काम असतं. ॲक्सेसच्या कंटिन्यूअस फॉर्ममध्ये, म्हणजे एकाखाली एक रेकॉर्ड दाखवणाऱ्या फॉर्ममध्ये, तीन कॉलमना डीलुकअप (दुसऱ्या टेबलातून एक व्हॅल्यू शोधून आणणारं फंक्शन) लावलाय आणि स्क्रीनवर ४० ओळी दिसतायत, म्हणजे नुसतं ते पान दाखवायला १२० छोट्या क्वेरी, आणि स्क्रोल केलं की परत नव्या. तेच टेबल क्वेरीत जॉइन करून, म्हणजे जोडून, घेतलं की एका फेरीत काम होतं. फाइलमेकरमध्ये हीच जागा अनस्टोअर्ड कॅल्क्युलेशन, म्हणजे साठवून न ठेवता दरवेळी नव्याने काढलं जाणारं उत्तर, घेतं, त्याला इंडेक्स होत नाही, त्यामुळे त्या कॉलमवर सॉर्ट मारला की सापडलेल्या प्रत्येक रेकॉर्डचं गणित आधी करावं लागतं मगच पहिली ओळ दिसते. खाली टोटल दाखवणारं समरी फील्डही तसंच, एक आकडा दाखवायला सगळे रेकॉर्ड लागतात. डॉटनेटचं डेटाग्रिडव्ह्यू हे टेबल दाखवणारं कंट्रोल वापरत असाल तर कॉलमची रुंदी ‘ऑल सेल्स’वर ऑटोसाइज ठेवलीय का ते आधी बघा, कारण मग ते रुंदी ठरवायला प्रत्येक ओळीचा मजकूर मोजत बसतं. ‘डिस्प्लेड सेल्स’ केलं की फक्त दिसणाऱ्या ओळी मोजतं, एका सेटिंगचा फरक आहे. आणि लिस्ट खरंच मोठी असेल तर त्याच कंट्रोलमध्ये व्हर्च्युअल मोड आहे, सेल रंगवायची वेळ आली की ते तुमच्याकडे व्हॅल्यू मागतं, त्याआधी नाही.

‘स्लो वाटलं तर पानं पाडा’

पानं पाडणं म्हणजे बहुतेकांच्या लेखी लिमिट ५० आणि ऑफसेट अमुक, म्हणजे अमुक ओळी सोडून पुढच्या ५०. पहिली दोन-चार पानं भुर्रकन येतात. पण ऑफसेट ५०,००० दिला की एसक्यूलाइट पन्नास हजार ओळी उडी मारून ओलांडत नाही, त्यांच्यावरून एकेक करत चालत जातं आणि फेकून देतं, मग तुमच्या ५० देतं. म्हणजे जितकं खाली जाल तितकं स्लो. शिवाय मध्येच कुणी रेकॉर्ड घातला किंवा काढला की सगळं एका ओळीने सरकतं, एखादी ओळ दोन पानांवर दिसते नाहीतर कुठेच दिसत नाही, आणि हे दुसरं जास्त वाईट, कारण ते लक्षातच येत नाही.

त्यापेक्षा शेवटच्या ओळीचं नाव आणि आयडी लक्षात ठेवायचा आणि ‘याच्या पुढच्या ५० दे’ असं मागायचं, नाव-आयडी असा इंडेक्स असला की इंजिन थेट तिथे जाऊन उभं राहतं. एसक्यूलाइटमध्ये ३.१५ पासून, म्हणजे २०१६ पासून, दोन कॉलमची जोडी एकत्र कंपेअर करता येते त्यामुळे कंडिशनही सुटसुटीत होते. यात ‘पान ३७ वर जा’ जमत नाही हे खरं, पण ३७ व्या पानावर काय आहे हे कुणाला माहीत असतं? ‘म पासून दाखव’ किंवा ‘मार्चपासून दाखव’ हे लोकांना खरंच लागतं, आणि ते याच पद्धतीने एका क्वेरीत होतं. पानांचा एकूण आकडा दाखवायचा हट्टही सोडा जमलं तर. एसक्यूलाइट ओळींची संख्या कुठे लिहून ठेवत नाही, काउंट मागितला की दरवेळी मोजतं.

‘सगळे कॉलम दाखवा, यूजर ठरवेल’

यूजर ठरवत नाही, तो आडवा स्क्रोल करत बसतो, आणि आडवं स्क्रोल केलं की पहिला कॉलम डावीकडे निघून जातो आणि ही ओळ कुणाची हेच कळेनासं होतं. लिस्टमध्ये तीनच प्रकारचे कॉलम यावेत असं माझं ठाम मत आहे: रेकॉर्ड ओळखायला लागणारे, त्यावर आत्ता काही करायचंय का ते सांगणारे, आणि ज्यावर लोक सॉर्ट करतात ते. पत्ता, शेरा, कुणी एंट्री केली हे सगळं फॉर्मवर. ओळख पटवणारा कॉलम डावीकडे फ्रीज करा. आकडे उजवीकडे चिकटवा म्हणजे एकक-दशक एकाखाली एक येतात, नजरेनेच मोठा आकडा सापडतो. ज्याला जास्तीचे कॉलम हवेत त्याला चालू-बंद करू द्या आणि त्याची निवड लक्षात ठेवा, हे ‘यूजर ठरवेल’चं प्रामाणिक रूप झालं.

‘हेडरवर क्लिक केलं की सॉर्ट, झालं’

झालं असं फक्त स्क्रीनशॉटमध्ये वाटतं. पहिली गोष्ट, तारीख टेक्स्ट म्हणून साठवली असेल, दिवस-महिना-वर्ष अशी, तर सॉर्ट दिवसावर होतो, सगळ्या महिन्यांच्या एक तारखा आधी. आकडे टेक्स्ट म्हणून असतील तर १ नंतर १०, मग १००, मग २. एसक्यूलाइटला तारखेचा वेगळा टाइप नाहीच, म्हणून वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं साठवायचं आणि दाखवताना हवं तसं दाखवायचं. दुसरी गोष्ट, सारख्या व्हॅल्यूंचं काय? स्टेटसवर सॉर्ट केलं आणि ‘प्रलंबित’ तीनशे आहेत, तर त्या तीनशेंचा आपापसातला क्रम कुणीच ठरवलेला नसतो, रिफ्रेश केल्यावर तो बदलूही शकतो. शेवटी आयडी जोडा, प्रश्न मिटला.

तिसरी गोष्ट आपल्या जवळची आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. एसक्यूलाइट डिफॉल्टने बाइट बघून सॉर्ट करतं, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या पद्धतीत, ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर. त्यामुळे लिस्टमध्ये काळे, कावळे, कासार असा क्रम लागतो, आणि मराठी क्रमाने शोधणारा माणूस काळे शोधायला कासारच्या खाली जातो, तिथे नाही म्हणून रेकॉर्डच नाही असं समजतो आणि नवीन एंट्री करतो. डुप्लिकेट रेकॉर्ड असेही तयार होतात. ‘ॲ’ने सुरू होणारी नावं तर पार ‘ह’च्याही नंतर जातात, कारण त्या अक्षराचा कोड तिकडे दूर आहे. उपाय म्हणजे मराठी क्रम समजणारं कोलेशन, म्हणजे सॉर्टचे नियम, जोडा, किंवा नाव सेव्ह करतानाच एक वेगळी सॉर्ट-की (फक्त क्रम लावण्यासाठीची व्हॅल्यू) बनवून तिच्यावर इंडेक्स ठेवा. दुसरा मार्ग जुनाट वाटतो पण कुठेही चालतो.

आणि ‘मग प्रत्येक कॉलमवर इंडेक्स टाका’ हे पण नको. ॲक्सेसमध्ये एका टेबलाला ३२ इंडेक्सची मर्यादा आहे, पण त्याच्या कितीतरी आधी सेव्ह करणं जड व्हायला लागतं, कारण प्रत्येक एंट्रीबरोबर सगळे इंडेक्स अपडेट होतात.

‘वर सर्च बॉक्स आहे ना, फिल्टर कशाला?’

सगळ्या कॉलममध्ये शोधणारा एकच बॉक्स असला आणि कुणी २४ टाइप केलं की फोन नंबरमधला २४, तारखेतला २४, आयडीमधला २४ सगळे येतात. नाव माहीत असेल तर सर्च बरा, पण ‘गेल्या आठवड्यात आलेले आणि अजून कुणाला न दिलेले’ हे सर्च बॉक्समध्ये कसं टाइप करणार? त्यासाठी स्टेटस आणि तारखेचे फिल्टरच लागतात. आणि फिल्टर चालू असेल तर ते लिस्टच्या डोक्यावर ठळक दिसू द्या, एका क्लिकने काढता येऊ द्या, नाहीतर कालचा फिल्टर आज तसाच राहतो आणि माणूस म्हणतो डेटा उडाला.

स्पीडचं म्हणाल तर ‘शब्द कुठेही असला तरी शोध’ असा शोध, म्हणजे पुढेमागे ‘काहीही चालेल’ सांगणारं वाइल्डकार्ड, साध्या इंडेक्सचा उपयोगच करू शकत नाही, आख्खं टेबल वाचलं जातं. बहुतेक वेळा ‘ने सुरू होणारे’ एवढं पुरतं, आणि तिथे इंडेक्स लागू होऊ शकतो. मधला तुकडाच हवा असेल तर एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या मजकूर शोधायच्या सोयीत ३.३४ पासून ट्रायग्राम टोकनायझर आहे, तो मजकुराचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून ठेवतो, म्हणून शोधताना निदान तीन अक्षरं मागतो. प्रत्येक की दाबल्यावर क्वेरी मारू नका, टायपिंग पाव सेकंद थांबू द्या, आणि मुख्य म्हणजे आधीची क्वेरी रद्द करा, नाहीतर ‘पा’चं उशिरा आलेलं उत्तर ‘पाटील’च्या उत्तरावर येऊन बसतं.

इथेही ‘ॲ’ त्रास देतो. तो एकाच कोडने टाइप होतो किंवा ‘अ’ला वर चंद्र जोडूनही होतो, स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण डेटाबेसला ते वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही (सारखी अक्षरं एका रूपात आणणं) त्यांना एक करत नाही. सेव्ह करताना आणि शोधताना दोन्हीकडे आपणच एका रूपात बदलून घ्यायचं.

‘एडिटिंग तिथेच द्या, लोकांना एक्सेल आवडतं’

लोकांना एक्सेलमध्ये आवडतं ते भराभर खाली जाता येणं, ते जरूर द्या, ॲरो की, एंटर, सगळं कीबोर्डवर चालू द्या. पण लिस्टमधलं सेल थेट एडिट होत असेल तर चुकून दाबलेली एक की रेकॉर्ड बदलते आणि दुसऱ्या ओळीवर गेलं की ॲक्सेस विचारल्याशिवाय सेव्ह करतं. ज्या कॉलमवर सॉर्ट आहे तोच बदलला तर रिफ्रेशनंतर ओळ डोळ्यासमोरून उडून भलतीकडे जाते. लिस्ट रीड-ओन्ली ठेवा, एंटर मारला की फॉर्म उघडू द्या. एखादाच स्टेटसचा कॉलम पटापट बदलायचा असेल तर तेवढाच मोकळा करा.

मग खरी कसोटी फॉर्म बंद केल्यावर लागते. कुणीतरी दोनशे प्रलंबित अर्ज तपासतंय, एकशे तिसावा उघडला, शेरा लिहिला, सेव्ह केलं, आणि लिस्ट परत पहिल्या ओळीवर. ॲक्सेसमध्ये रीक्वेरी केलं, म्हणजे लिस्ट नव्याने मागवली, की हेच होतं, पहिल्या रेकॉर्डवर नेऊन ठेवतं, आणि जुना बुकमार्क (ओळीची खूण) रीक्वेरीनंतर चालत नाही. म्हणून आधी प्रायमरी की (त्या रेकॉर्डचा एकमेव आयडी) लक्षात ठेवायची, रीक्वेरी करायची, मग ती की शोधून तिथे जायचं. तो रेकॉर्ड आता फिल्टरमध्ये बसत नसेल, समजा प्रलंबितचा मंजूर झाला, तर त्याच्या पुढच्या ओळीवर न्यायचं. पाच-सात ओळींचा कोड आहे, आणि तो नसेल तर समोरच्याला दिवसभर प्रत्येक अर्जानंतर आपली जागा नव्याने शोधावी लागते, वर त्यालाच ऐकावं लागतं की तू हळू काम करतोस.

एकदम अनेक ओळी निवडायची सोय देत असाल तर निवड ओळीच्या नंबरवर ठेवू नका, प्रायमरी कीवर ठेवा, कारण मध्ये सॉर्ट बदलला की पाचवी ओळ वेगळ्याच माणसाची असते. ‘सगळे निवडा’ म्हणजे दिसणारे की फिल्टरमधले सगळे हे लिहून दाखवा, आणि डिलीटच्या बटणावरच ‘३१२ रेकॉर्ड डिलीट करा’ असा आकडा येऊ द्या, नंतर येणाऱ्या ‘नक्की का?’ला सगळे न वाचताच हो म्हणतात.