मीटर पळतं म्हणून कंपनी वाढली? हिशेब तसा नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला निदान चाळीस जणांनी पाठवला. गिऱ्हाइकांनी, तालमीतल्या पोरांनी, माझ्या सख्ख्या काकींनीसुद्धा. मेसेज थोडक्यात असा: 'स्मार्ट मीटरच्या कंपन्या दोन-तीन वर्षांत गडगंज झाल्या. त्यांना प्रत्येक युनिटमागे कमिशन आहे, म्हणून मीटर मुद्दाम पळवलं जातं. एका कंपनीनं तर जनतेकडून ३० हजार कोटी कमावले. अडीच हजाराचं मीटर १२ हजारांना आपल्या गळ्यात मारलं. जगात हे मीटर कुठंही चाललं नाही. पैसे संपले की रात्री-अपरात्री लाईट बंद. बसवायला आले तर हाकलून द्या.' आणि खाली, जागे व्हा कोल्हापूरकर.

मी बावीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर म्हणून काम करतोय. एकाही मीटर कंपनीचं काम माझ्याकडे नाही, कधी नव्हतं. स्मार्ट मीटरबद्दल, म्हणजे रीडिंग आपोआप पाठवणाऱ्या विजेच्या मीटरबद्दल, माझ्याही हरकती आहेत आणि त्या खाली लिहिल्यात. पण या मेसेजमध्ये खऱ्या तक्रारीत इतकं खोटं कालवलंय की उद्या वीज दराच्या सुनावणीत कुणी हाच कागद पुढे ठेवला, तर पहिल्या दोन मिनिटांत तो बाजूला सारला जाईल आणि खरी तक्रारही त्याच्याबरोबर जाईल. म्हणून हे लिहितोय.

आधी कमिशनचं बघू, कारण सगळा मेसेज त्यावरच उभा आहे. कोल्हापूरकराला हे चटकन पटतं, आणि का पटतं तेही मला ठाऊक आहे. आपण टोल बघितलाय. एन. डी. पाटील सर आणि गोविंद पानसरे यांच्यामागं हे शहर रस्त्यावर उतरलं आणि टोल घालवूनच थांबलं. टोलचं गणित सरळ होतं, जितक्या गाड्या तितका गल्ला. खाजगी कंपनी, लांबलचक करार, आपल्या खिशातून वसुली एवढं ऐकलं की आपल्या डोळ्यांपुढे तोच नाका उभा राहतो.

मीटरचा करार मात्र तसा नाही. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये सुधारित वितरण क्षेत्र योजना आणली, कागदोपत्री आरडीएसएस. देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचं लक्ष्य त्यात ठेवलं. पद्धत अशी की मीटरचे, सॉफ्टवेअरचे, बसवण्याचे पैसे आधी कंपनीनं घालायचे, साधारण दहा वर्षं सगळी यंत्रणा चालवायची आणि शेवटी ती वीज वितरण कंपनीच्या ताब्यात द्यायची. बदल्यात चालू असलेल्या प्रत्येक मीटरमागे दरमहा ठरलेली रक्कम मिळते. तुम्ही २० युनिट जाळा नाहीतर ८०० जाळा, ती रक्कम तीच. उलट मीटरकडून रीडिंग वेळेवर पोचलं नाही तर करारानुसार दंड म्हणून तिच्यातून पैसे कापले जातात. लग्नात मंडपवाला खुर्चीचे पैसे घेतो, पाहुण्यानं किती जिलेब्या खाल्ल्या त्याचे नाही. मीटर कंपनी इथं मंडपवाली आहे. मीटर पळवून तिच्या पदरात एक पैसा जास्त पडत नाही. पकडली गेली तर करार मात्र जाईल. युनिटचा दर तर ती ठरवतच नाही. तो वीज नियामक आयोग ठरवतो.

मग या कंपन्या वाढल्या कशा? भाड्यानं. ब्रिटनमधलं उदाहरण घ्या. ग्लासगोची स्मार्ट मीटरिंग सिस्टिम्स ही कंपनी १९९५ पासूनची. मीटर आपल्या मालकीची ठेवायची आणि वीज-गॅस पुरवठादारांकडून त्यांचं भाडं घ्यायचं, ते भाडं महागाईबरोबर वाढतं, हा तिचा धंदा. २०२४ मध्ये केकेआर या अमेरिकी गुंतवणूक कंपनीनं ती सुमारे १.३ अब्ज पौंडांना विकत घेतली. कशासाठी? वर्षानुवर्षं ठरलेल्या तारखेला येणाऱ्या भाड्यासाठी. आपल्याकडं जयपूरची जीनस पॉवर ही मीटर कंपनी घ्या. २०२३ मध्ये सिंगापूरच्या जीआयसी या सरकारी गुंतवणूक कंपनीनं तिच्याबरोबर मीटरच्या कामांसाठी वेगळी व्यवस्था उभी केली, त्यात जीआयसीचा वाटा ७४ टक्के आणि जीनसचा २६. थोडक्यात, हप्त्यानं येणाऱ्या पैशावर आधी मोठं भांडवल उभं करायचं आणि त्यातून लाखो मीटर बसवायची.

तीस हजार कोटी कमावल्याची गोष्ट यातच अडकलीय. २०२५ मध्ये जीनसच्या हातात सुमारे ३० हजार कोटींची कामं होती, हे खरं. पण ती ऑर्डर आहे, कमाई नाही. २०२४-२५ या अख्ख्या वर्षात कंपनीची विक्री झाली सुमारे २,४०० कोटींची, आदल्या वर्षी १,२०० कोटींच्या आसपास. वर्षात दुप्पट, वाढ मोठीच आहे, ती कुणी नाकारू नये. पण शिरोली एमआयडीसीतल्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा. गाड्यांच्या कंपनीकडून तीन वर्षांची कास्टिंगची ऑर्डर हातात पडली, त्या दिवशी खिशात काय असतं? ऑर्डरचा कागद असतो, आणि स्क्रॅप आणायला बँकेकडून घ्यायची कॅश क्रेडिट. शिवाय जीनसचं महाराष्ट्रातलं महावितरणचं मोठं काम अकोला आणि अमरावती परिमंडळातलं. तिच्या आकड्यावरून मंगळवार पेठेतल्या मीटरला शिव्या देण्यात अर्थ नाही.

आता मीटर पळतं का? इथं मला जरा थांबून लिहायचंय, कारण रोज माझ्याकडे हीच तक्रार येते.

काकींच्या घरी, मंगळवार पेठेत, नवं मीटर बसलं आणि पहिलंच बिल जवळजवळ दुप्पट आलं. "बघ रे बाळा, मेसेजमध्ये लिहिलंय तसंच झालं," म्हणाल्या. मी एका रविवारी सकाळी गेलो. घरातल्या सगळ्या एमसीबी पाडल्या, फक्त एक ठेवली. त्यावर बादलीत पाणी तापवायचा हजार वॅटचा रॉड लावला. (इस्त्री लावू नका, ती तापली की मधेच बंद होते आणि मोजणी चुकते.) तारेला अडकवून करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरवर करंट आला ४.२ अँपिअर, व्होल्टेज २२८. म्हणजे साधारण ९५७ वॅट. मीटरच्या तोंडावर एका युनिटला किती वेळा लाल दिवा लुकलुकतो ते छापलेलं असतं. काकींच्या मीटरवर ३,२०० होतं. या हिशेबानं मिनिटाला ५१ लुकलुक, पाच मिनिटांत २५५. काकींचा नातू आणि मी दोघांनी वेगवेगळं मोजलं. त्याचे २५४ आले, माझे २५५. स्मार्ट मीटरसाठी आयएस १६४४४ हे भारतीय मानक आहे आणि त्याच्या पहिल्या अचूकता वर्गात मीटरला एक टक्क्याची मुभा असते. माझा क्लॅम्प मीटर त्याहून जास्त चुकत असेल.

मग बिल दुप्पट का? जिन्याचं दार बंद असल्यामुळं आधीचे दोन महिने सरासरीचं बिल आलेलं. खरा वापर त्याहून जास्त होता, तो सगळा या बिलात उतरला. वर एप्रिलचा उन्हाळा. शंभर युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर दुपटीहून जास्त होतो, तो फटका वेगळा. त्यातून जुनं मीटर चकतीचं होतं. तीस वर्षं घासलेली ती चकती मोबाईलचा चार्जर किंवा टीव्हीचा नुसता लाल दिवा असल्या बारीक लोडला हलायचीच नाही. काकी म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं आपलंच चुकत होतं म्हण की." चूक त्यांची नव्हती, मीटर म्हातारं झालं होतं.

पण सगळ्याच घरी हेच उत्तर निघत नाही. शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात गेलो, तिथं मीटर खरंच जास्त दाखवत होतं. घरात काहीही चालू नसताना दिवा लुकलुकत होता. कारण सापडायला मला दोन तास लागले. वाड्याच्या चार बिऱ्हाडांचं न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, कुणीतरी फार पूर्वी एकत्र बांधून टाकलं होतं. जुनं चकतीचं मीटर फक्त फेजचा, म्हणजे घरात येणाऱ्या तारेचा, करंट मोजायचं, त्यामुळं कुणाला कळलं नाही. नवं मीटर चोरी पकडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडचा करंट बघतं आणि त्यातला जास्त असेल तो धरतं. शेजारच्यांचा परतीचा करंट यांच्या न्यूट्रलमधून जायचा आणि बिल यांना लागायचं. न्यूट्रल वेगळी केली, दिवा थांबला. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि भाग पाडलेल्या घरांत हा घोळ मला वारंवार दिसतो. मीटर बदलायला येणाऱ्या माणसांनी पाच मिनिटं देऊन एवढं बघायला हवं, आणि ते बघितलं जात नाही. ही माझी पहिली खरी हरकत.

दुसरी हरकत १२ हजारांची, आणि इथं मेसेज अर्धा बरोबर आहे. महावितरणनं २०२३ मध्ये सुमारे २ कोटी २५ लाख मीटरची कामं दिली, किंमत जवळपास २७ हजार कोटी. भागाकार केला की मीटरमागे १२ हजार येतात. त्यात नुसतं डबडं नाही, हे खरं. बसवणं, सिमकार्ड, सर्व्हर, दहा वर्षांची देखभाल, बिघडलं तर बदलून देणं, कर्जाचं व्याज, सगळं त्यात आहे. म्हणून बाजारातल्या अडीच हजाराच्या मीटरशी त्याची तुलना चुकीची.

पण 'मीटर मोफत' हे जे सांगितलं जातं, तेही मला पटत नाही. केंद्राचं अनुदान महाराष्ट्रासारख्या राज्यात मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये. उरलेले ११ हजार कुठून येणार? दहा वर्षांवर १२ हजार पसरले तर महिन्याला १०० रुपये पडतात. वीजचोरी आणि गळती तेवढी कमी झाली तर त्यातून निघतील. नाही झाली तर दरात येतील, तिसरी वाट मला दिसत नाही. आपल्या इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना हा बोजा अखेर ग्राहकांच्या दरात येणार, असं पहिल्यापासून सांगत आलीय. आयोगाच्या दर सुनावणीत कुणालाही लेखी हरकत देता येते. कंपनीचं कमिशन शोधत बसण्यापेक्षा तिथं विचारावं: परिमंडळवार गळती किती कमी झाली, आणि मीटरच्या भाड्यापोटी किती रक्कम दरात धरली?

जगात कुठं चाललं नाही, हे साफ खोटं. इटलीत एनेल कंपनीनं २००१ पासून बसवायला सुरुवात केली आणि पाचेक वर्षांत सुमारे तीन कोटी घरांत ती मीटर लागली. रेडिएशनचा मुद्दाही काही फॉरवर्डमध्ये असतो. मीटर मधूनमधून क्षणभर डेटा पाठवतं, आणि हा मेसेज वाचताना हातात धरलेला मोबाईल त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ बोलत असतो.

प्रीपेडची भीती मात्र आभाळातून पडलेली नाही. मूळ योजना प्रीपेडचीच होती. लोकांनी विरोध केला, आणि जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही असं जाहीर केलं. त्यानंतर घरोघरी बसतंय ते पोस्टपेड, वेळेनुसार वापर नोंदवणारं टीओडी मीटर. त्यातून लांबून लाईट बंद करता येते, हेही लपवायला नको. पण थकबाकीसाठी तोडायची तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, पोस्टपेड मीटर साधं असो की स्मार्ट. वेळेनुसार दर आपल्या भट्टीवाल्यांना नवे नाहीत. रात्री दहानंतर वीज स्वस्त म्हणून इथं वर्षानुवर्षं रात्रीच्या हीट (वितळलेल्या लोखंडाचे घाणे) निघाल्या. आता १ जुलै २०२५ पासून घरगुती स्मार्ट मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या युनिटला ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे. पाण्याची मोटर आणि वॉशिंग मशीन दुपारी लावा, एवढं मी सगळ्यांना सांगतो.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण असायला हवी होती. दारोदार रीडिंग घेत फिरणाऱ्या पोरांचं काम या मीटरमुळं जातंय. त्यातली काही माझ्याकडे हेल्पर म्हणून आलीत. त्यांचं पुढं काय, याचं उत्तर कुठल्याच कागदात मी वाचलेलं नाही.

शेवटी 'हाकलून द्या'. हाकलू नका, दारात उभं राहून बघा. जुनं मीटर उतरवण्याआधी त्याच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो काढा, आकडे आणि मीटर नंबर दोन्ही दिसतील असा. नव्या मीटरचं सुरुवातीचं रीडिंग आणि सील नंबर लिहून घ्या, बदलीच्या कागदाची प्रत मागा. पुढं बिल पटलं नाही तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झालीय, तिच्यानुसार तक्रार मिळाल्यापासून पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरं मीटर लावावं लागतं आणि ते किमान तीन महिने ठेवावं लागतं. वाड्यातल्या बिऱ्हाडानं असा अर्ज दिला होता, त्यावरूनच मला बोलावणं आलं. काकींच्या नातवानं तर जुन्या चकतीचा फोटो काढूनच ठेवला होता. सरासरी बिलाचा घोळ उलगडला तो त्या फोटोवरून.