गोळ्या संपल्या हे कोणाला कळते?

महाराष्ट्रातील ग्रामीण आरोग्यावरची चर्चा मी ब्रिटनमधील दक्षिण वेल्समधून नियमित वाचतो आणि त्यात तेच तीन प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतात: महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे विमा संरक्षण पाच लाखांवर गेले ते पुरेल का, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रिक्त पदे कधी भरणार, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालये निघाल्याने खेड्याला डॉक्टर मिळेल का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांच्या बाबतीत ते मुख्य दुखण्याला हातच घालत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. विमा कामी येतो तो रुग्ण दाखल झाल्यावर, म्हणजे हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्यावर. त्याआधीची कित्येक वर्षे तो रुग्ण आपल्या घरी, आपल्या कामात, हिंडता-फिरता असतो, आणि त्या काळात त्याच्या गोळ्या चालू आहेत की बंद पडल्या, याची विचारपूस करणे हे कोणाचेच काम नसते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. एवढ्या लोकांची काळजी रुग्णालयांच्या भरवशावर घेता येणार नाही, मग ती कितीही उभारली तरी.

इथे वेल्समध्ये प्रत्येक माणसाचे नाव कुठल्या ना कुठल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात नोंदलेले असते आणि मधुमेह निघाला की ते वेगळ्या यादीत जाते. वर्षातून एकदा त्याला तपासणीसाठी बोलावणे येते. त्यातली बरीचशी तपासणी परिचारिकाच करते. ती रुग्णाला डोळे मिटायला सांगते, नायलॉनचा एक बारीक, ताठ धागा त्याच्या अंगठ्याला आणि तळव्याला किंचित वाकेपर्यंत टेकवते आणि स्पर्श कळला की सांगायला सांगते. स्पर्श कळला नाही, तर पायाची संवेदना गेली आहे, आणि अशा पायात काटा रुतून जखम चिघळली तरी माणसाला पत्ता लागत नाही. पाय कापण्याची वेळ येते ती बहुतेकदा तिथूनच. या तपासणीला ना यंत्र लागते, ना वीज, ना एमबीबीएस डॉक्टर. अनवाणी शेतात उतरणाऱ्या माणसांच्या मुलखात ती प्रत्येक आरोग्य उपकेंद्रावर व्हायला हवी.

ही पद्धत ज्यांच्यामुळे इथे रुजली, त्यांच्यात ज्युलियन ट्यूडर हार्ट यांचे नाव घ्यावेच लागते. ग्लिनकोरग या वेल्समधील कोळसा खाणीच्या गावात त्यांनी डॉक्टरकी केली. ज्यांना आरोग्यसेवेची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते, हा त्यांचा सिद्धांत १९७१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मला त्याहून मोलाचे वाटते ते त्यांचे रोजचे काम: गावातल्या जवळपास प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब त्यांनी मोजला, आणि जे येत नव्हते त्यांच्या मागे ते लागले. पंचवीस वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा शेजारच्या तशाच गरीब गावापेक्षा ग्लिनकोरगमधील अकाली मृत्यू कमी भरले.

हा विचार आपल्याला परका नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. अलीकडे भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांत ठरावीक औषधांचा एकच साधा क्रम, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि न येणाऱ्याचा पाठपुरावा हीच त्रिसूत्री वापरली गेली. अशा कामाची बातमी मात्र क्वचितच होते. बातमी होते ती शिबिराची.

इथले सगळे आदर्श आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. डॉक्टरची वेळ मिळवण्यासाठी सकाळी आठ वाजता फोन लावून बसावे लागते, खोऱ्यांतील कित्येक दवाखान्यांना डॉक्टर मिळत नाहीत, आणि बोलावूनही न येणाऱ्या रुग्णाचे दार ठोठावायला सहसा कोणी जात नाही. ते दार ठोठावणारी बाई आपल्याकडे गावोगावी आहे. सुमारे हजार लोकवस्तीमागे एक आशा स्वयंसेविका, ही २००५ पासून उभी राहिलेली व्यवस्था इथल्या आरोग्यखात्याला हेवा वाटावा अशी आहे. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोण ऊसतोडीला गेले आहे, कोणी गोळ्या सोडून जडीबुटी धरली आहे, हे तिला पाठ असते. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशाताई कित्येक आठवडे संपावर होत्या, तेव्हा त्याकडे निव्वळ मानधनाचा वाद म्हणून पाहिले गेले, याचे मला फार वाईट वाटले. गावातल्या बीपीच्या रुग्णाला वर्षभर धरून ठेवणारी व्यक्ती तीच आहे. तिचा मोबदला कामागणिक मोजत बसण्यापेक्षा तिला ठरावीक, वेळेवर पगार देणे हा रुग्णसेवेवरचाच खर्च आहे.

म्हणून प्रत्येक जिल्ह्याने दर तिमाहीला किती शिबिरे झाली याच्या जोडीला तीन आकडे जाहीर करावेत: नोंद झालेले रुग्ण किती, त्यांपैकी गेल्या तीन महिन्यांत आलेले किती, आणि १४०/९० च्या आत रक्तदाब असलेले किती. दुसरे, आजार आटोक्यात असलेल्या रुग्णाला दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात, आणि त्या उपकेंद्रावर, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या हातून मिळाव्यात. रोजंदारी बुडवून, एसटीची वाट पाहत, पंधरा दिवसांच्या गोळ्यांसाठी तालुक्याच्या गावी जाणे लावणीच्या दिवसांत कोणालाच जमत नाही, आणि गोळ्या सुटतात त्या नेमक्या अशाच दिवसांत.